जागा पाच वाढल्या, नळ तेवढेच

प्रवेशाचे दिवस आले की आमच्या गल्लीत दोन बातम्या हमखास चघळल्या जातात. अमुक महाविद्यालयात नवीन एम.एस्सी. सुरू होणार, ही एक. आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी पंचवीस टक्के जागा, ही दुसरी. परवा ही दुसरी बातमी घेऊन शेजारच्या काकू फाटकाशीच उभ्या राहिल्या. त्यांची मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. "काय जी सर, बाहेरदेशच्या पोट्ट्यांना पंचवीस टक्के सीटा देऊन राहिले म्हणते. मंग आमच्या पोट्टीनं कुठं जावं?"

"तुमच्या पोरीची एकही सीट जात नाही," असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. ते खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. जागा जात नाही, हे खरं. पण विज्ञान शाखेत जागा म्हणजे नुसती खुर्ची नसते. टेबल, नळ, ब्युरेट (द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडायची काचेची नळी), यंत्रावरचा नंबर आणि वही तपासणारा माणूस हे सगळं मिळून एक जागा होते. नवा कोर्स आणि परदेशी प्रवेश हे वरवर दोन वेगळे विषय वाटतात. माझ्या मते दोन्हीकडे विचारायचा प्रश्न एकच आहे: कागदावरच्या जागेमागे खरोखर काय आहे? काकूंना जे सांगायचं राहिलं, ते इथे सांगतो.

नवा कोर्स आधी नकाशा असतो

नागपुरात लेआउटमध्ये प्लॉट घेऊन घर बांधलेल्या माणसाला हे लगेच कळेल. आधी नकाशा, मग मंजुरी, मग बांधकाम. नकाशात तीन बेडरूम दिसल्या म्हणून कुणी तिथे झोपायला जात नाही.

नव्या एम.एस्सी.चा प्रस्ताव म्हणजे असा नकाशा. आपल्या राज्यात हा कारभार चालतो तो महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याने. तो १ मार्च २०१७ पासून लागू आहे. त्यानुसार अभ्यासक्रमाचा मसुदा तयार होतो अभ्यासमंडळात. अभ्यासमंडळ म्हणजे त्या विषयाचे प्राध्यापक आणि बाहेरचे काही जाणकार यांची समिती. कोणत्या सेमिस्टरला काय शिकवायचं, प्रयोग कोणते, गुण कसे, हे सगळं तिथे ठरतं. तिथून मसुदा विज्ञान व तंत्रज्ञान विद्याशाखेकडे आणि मग विद्वत परिषदेकडे जातो. शैक्षणिक बाबतीत शेवटचा शब्द या परिषदेचा. पैशांचा प्रश्न आला की व्यवस्थापन परिषद.

नागपूर विद्यापीठाच्या आवारात दोन दिवस फिरलात तर 'डायरेक्शन' हा शब्द कानावर पडणारच. अमक्या वर्षाची डायरेक्शन नंबर तमुक. एखाद्या बाबीसाठी रीतसर अध्यादेश तयार नसेल, तर कुलगुरू दिशानिर्देश काढून काम सुरू करून देऊ शकतात. पुढे तो परिषदेसमोर मंजुरीला ठेवावा लागतो. त्यामुळे कोर्सचे नियम शोधायचे असतील तर माहितीपुस्तिकेपेक्षा त्या कोर्सची डायरेक्शन वाचा. पात्रता, उत्तीर्ण होण्याची अट, एटीकेटी, सगळं तिथे असतं. भाषा रुक्ष आहे, पण पुस्तिकेतल्या हसऱ्या फोटोंपेक्षा कामाची.

हे झालं अभ्यासक्रमाचं. तोच कोर्स एखाद्या संलग्न महाविद्यालयाला सुरू करायचा असेल तर वाट आणखी लांब. विद्यापीठाचा पाच वर्षांचा बृहत आराखडा असतो. कोणत्या भागात कोणत्या शिक्षणाची गरज आहे, याचा तो हिशेब. त्यात बसणारा प्रस्ताव विद्यापीठाकडे जातो, विद्यापीठ छाननी करून तो राज्य शासनाकडे पाठवतं आणि परवानगी शासन देतं. ही परवानगी बहुतेक वेळा विनाअनुदान तत्त्वावर असते. म्हणजे शिक्षकांचा पगार सरकार देणार नाही, तो फीमधून निघायचा. बातमीत हा शब्द एका ओळीत उरकतो. पुढची दोन वर्षं मुलांना कोण शिकवणार, हे मात्र त्याच ओळीवर ठरतं.

समिती येते त्या दिवशी

कोर्स आणि संलग्नीकरण देण्याआधी चौकशी समिती महाविद्यालयाला भेट देते. प्रयोगशाळा, उपकरणं, ग्रंथालय, शिक्षकांच्या नेमणुका पाहते. नियम चांगला आहे.

मी काही वर्षं तासिका तत्त्वावर रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल घेतली. कुठे, ते सांगत नाही. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्याचे पैसे; सुट्टीचे, उन्हाळ्याचे, आजारपणाचे नाहीत. तर एका समितीच्या आदल्या संध्याकाळी एक व्हॅन आली. मागच्या सीटवर चौकड्यांच्या ब्लँकेटात गुंडाळलेलं काहीतरी, लहान बाळ धरावं तसं प्रयोगशाळा सहायकाने पोटाशी धरलेलं. उघडलं तर स्पेक्ट्रोफोटोमीटर. द्रावणातून प्रकाश किती आरपार जातो हे मोजणारं यंत्र. संस्थेच्या दुसऱ्या महाविद्यालयातून एका दिवसासाठी पाहुणं आलं होतं. समितीने पाहिलं, रजिस्टरवर सही झाली, दुपारी चारला ते पुन्हा ब्लँकेटात बसून घरी गेलं. त्या वर्षी आमच्या मुलांनी त्या यंत्राचा प्रयोग वहीत लिहिला. केला नाही.

सगळीकडे असंच चालतं असं मी म्हणत नाही. शहरात जुन्या, उत्तम प्रयोगशाळा आहेत. आपली शासकीय विज्ञान संस्था १९०६ सालची आहे, विद्यापीठ १९२३ चं. पण 'मान्यता आहे' या दोन शब्दांवर थांबू नये, एवढं त्या ब्लँकेटाने मला शिकवलं.

क्रेडिट म्हणजे किती तास?

नव्या शैक्षणिक धोरणानंतर सगळी भाषा क्रेडिटची झाली आहे. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप, दुधाला लिटर तसं. वर्गात शिकवण्याचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. राज्यात दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला ८८ क्रेडिट ठरले आहेत, दर सेमिस्टरला २२. त्यात संशोधन पद्धतीचा पेपर आहे, कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण आहे आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प.

आता एक साधा हिशेब करू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. समजा एका सेमिस्टरमध्ये प्रॅक्टिकलचे ४ क्रेडिट आहेत. म्हणजे १२० तास. सेमिस्टर १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ८ तास, म्हणजे चार-चार तासांच्या दोन पाळ्या. समजा प्रयोगशाळेत एका वेळी दहाच मुलं नीट काम करू शकतात. वीस मुलांच्या दोन बॅच होतात. पहिलं आणि दुसरं वर्ष मिळून चार बॅच, प्रत्येकीच्या दोन पाळ्या, एकूण आठ. सोमवार ते शनिवार सकाळ-दुपार धरलं तर आठवड्यात बारा पाळ्या बसतात. आठ वापरल्या, चार उरल्या. त्या चारांत द्रावणं बनवायची, काच धुवायची, बिघडलेलं दुरुस्त करायचं, प्रकल्पवाल्या मुलांना जागा द्यायची.

हे आकडे लक्षात राहू द्या.

वाढीव जागा म्हणजे पंगतीतली जास्तीची पानं

आता काकूंचा प्रश्न. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. पदवी आणि पदव्युत्तर कोर्सना परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर जागांच्या २५ टक्क्यांपर्यंत जागा 'अधिसंख्य' ठेवता येतील. अधिसंख्य म्हणजे मूळ संख्येच्या वर, वाढीव.

लग्नात दोनशे पानांची पंगत ठरली. ऐनवेळी पन्नास पाहुणे जास्त आले, म्हणून कुणी बसलेल्याला उठवत नाही. आणखी पन्नास पानं मांडतात. वीस जागांच्या एम.एस्सी.ला पाच जागा अशा मांडता येतात. मूळ वीस तशाच राहतात, त्यातलं आरक्षणही तसंच राहतं. त्या पाच रिकाम्या राहिल्या तर त्या इतर कुणाला देता येत नाहीत. आपल्या मुलांना मिळत नाहीत आणि आपल्या मुलांच्या हिरावल्याही जात नाहीत. दोन विद्यापीठांतल्या करारातून किंवा अदलाबदलीतून थोड्या दिवसांसाठी आलेले विद्यार्थी या हिशेबात धरत नाहीत.

बातम्यांत एक गोष्ट नेहमी निसटते. पंचवीस टक्के हा कोटा नाही, ती कमाल मर्यादा आहे. किती जागा ठेवायच्या हे संस्थेने आपल्या पायाभूत सुविधा आणि शिक्षकसंख्या पाहून ठरवायचं, असं त्याच तत्त्वांत लिहिलेलं आहे. शून्यही ठेवता येतात.

पानं मांडली, पण आचाऱ्याला सांगितलं का?

पाचही जागा भरल्या असं धरू. वीसचे पंचवीस झाले. व्याख्यानाच्या खोलीत काही बिघडत नाही, पाच खुर्च्या सरकवल्या की झालं. प्रयोगशाळेत मात्र दोनच्या तीन बॅच होतात. दोन वर्षांच्या मिळून सहा, दोन-दोन पाळ्या धरून बारा. आठवड्यात होत्याच बारा. म्हणजे प्रयोगशाळा सोमवारी सकाळी उघडली की शनिवारी संध्याकाळपर्यंत श्वास घेणार नाही. एक दिवस पाणी गेलं, कुठला मोर्चा निघाला, परीक्षेसाठी खोली घेतली, की गाडी रुळावरून खाली.

मग व्यवहारात काय करतात? तिसरी बॅच करतच नाहीत. दहाच्या जागी तेरा मुलं उभी करतात. एका ब्युरेटवर दोघं. एक थेंब सोडतो, दुसरा वाचतो. मे महिन्यात त्या खोलीत कूलर एकच असतो, आणि तोही दाराकडच्या टेबलाला वारा देतो. तिथे काकूंच्या मुलीची सीट शाबूत असते, पण सीटमागचा वेळ कमी झालेला असतो. आणि त्याच वेळी नेपाळहून किंवा आफ्रिकेतून आलेल्या मुलाचाही कमी झालेला असतो. त्याने तर बहुधा जास्त पैसे मोजलेले असतात.

यावर आक्षेप येतो: वीसच्या वीस जागा तरी कुठे भरतात? बरोबर आहे, अनेक महाविद्यालयांत काही विषयांच्या जागा रिकाम्या राहतात. तिथे बारा मुलांच्या वर्गात तीन परदेशी मुलं आली तर कुणाचंच काही जात नाही, उलट वर्ग जिवंत होतो. म्हणून मी धोरणाच्या विरोधात नाही. पाळ्या मोजून जागा ठरवा, एवढंच माझं म्हणणं. टक्केवारी सोपी असते, पाळ्या मोजायला वेळापत्रक घेऊन बसावं लागतं.

पण येतात तरी किती?

घाबरण्याआधी संख्या पाहू. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशभरात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते. त्या वर्षी उच्च शिक्षणातले एकूण विद्यार्थी ४ कोटी ३३ लाखांच्या घरात. म्हणजे हजारात एक. त्यातही सुमारे २८ टक्के एकट्या नेपाळचे. नेपाळी नागरिकाला भारतात यायला व्हिसाच लागत नाही. आपण 'परदेशी विद्यार्थी' म्हणताना डोळ्यासमोर जो चेहरा आणतो, त्यापेक्षा हे चित्र बरंच वेगळं आहे.

परदेशी विद्यार्थी म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेला, अशी आयोगाची व्याख्या आहे. दुबईत वाढलेला पण भारतीय पासपोर्टवाला मुलगा एनआरआय, तो यात येत नाही. 'माझ्या भाच्याला त्या पाच जागांत बसवता येईल का,' असं मला तिघांनी विचारून झालं. नाही येणार.

बाहेरची पदवी कशी मोजतात?

आपल्याकडे बारावी, मग तीन वर्षं बी.एस्सी. नेपाळच्या त्रिभुवन विद्यापीठाची बी.एस्सी. चार वर्षांची. काही देशांत बारावीऐवजी वेगळीच शालान्त पद्धत. मग हा विद्यार्थी एम.एस्सी.ला पात्र की नाही, हे ठरवायला समकक्षता पाहतात. किलोचं माप आणि पायलीचं माप एकमेकांत बसवण्यासारखं ते काम. अनेक वर्षं यासाठी भारतीय विद्यापीठ संघाचं प्रमाणपत्र चालत आलं. एप्रिल २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी स्वतःचे विनियम काढले. त्यामुळे त्या वर्षी कोणते कागद मागितले आहेत, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षाला विचारूनच अर्ज भरावा. दोन वर्षांपूर्वीच्या सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नये.

येण्याच्या वाटा दोन-तीन. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, म्हणजे आयसीसीआर, शिष्यवृत्ती देते. 'स्टडी इन इंडिया' हा केंद्राचा उपक्रम २०१८ पासून आहे. तिसरी वाट सरळ विद्यापीठाकडे अर्ज.

नागपुरात उतरल्यावर कागदांची दुसरी फेरी सुरू होते. १८० दिवसांहून जास्त मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी करावी लागते. तो ज्या वसतिगृहात किंवा घरी उतरेल, तिथल्या चालकाने किंवा घरमालकाने २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची; 'फॉर्म सी' म्हणून ओळखला जाणारा फॉर्म तो हाच. हे घरमालकांनी वाचून ठेवावं. खोली भाड्याने देताना 'पोट्टा चांगला दिसते' एवढ्यावर भागत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन कायदा लागू झाला आहे आणि त्यात शिक्षणसंस्थांवरही परदेशी विद्यार्थ्यांची माहिती कळवण्याची जबाबदारी आहे.

नागपूरला कुणी का यावं?

हा टोमणा नेहमीचा. मुंबई-पुणे सोडून इथे कोण येणार? साध्या एम.एस्सी.साठी कोणी का यावं, हे मलाही सांगता येणार नाही. तीच पुस्तकं, तेच प्रयोग, वर बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीचं ऊन.

पण सीताबर्डीच्या टेकडीवर उभं राहून पाहा. पायाखाली बेसाल्ट आहे, दख्खनच्या लाव्हाचा. शहराच्या परिसरातच टाकळीच्या थरांत त्या लाव्हाच्या दोन प्रवाहांमधले जीवाश्म सापडले. ते शोधणाऱ्यांतले एक म्हणजे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याला माहीत आहे. धर्मोपदेशक म्हणून आले आणि खडक फोडत हिंडले. उमरेडला गोंडवाना कोळसा, मनसरला मॅंगनीज. तीन वेगवेगळ्या काळांतले खडक एका एसटीच्या टप्प्यात. शहरात भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय, नीरी ही पर्यावरणाची राष्ट्रीय प्रयोगशाळा, कापूस आणि लिंबूवर्गीय फळांच्या केंद्रीय संशोधन संस्था.

उद्या कुणी पर्यावरण आणि खाण भूशास्त्र असा एम.एस्सी.चा प्रस्ताव आणला आणि त्यात या संस्थांशी खरे करार असले, दुसऱ्या सेमिस्टरचं कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण तिथे होणार असलं, तर खाणी असलेल्या कुठल्याही देशातला विद्यार्थी नकाशावर नागपूर शोधेल. आणि त्याआधी काकूंची मुलगीच तो कोर्स घेईल. परदेशी प्रवेशाचं धोरण आणि नव्या कोर्सचा प्रस्ताव एका टेबलावर बसून लिहावेत असं मला वाटतं ते म्हणूनच. सध्या एक फाईल एका खोलीत फिरते, दुसरी दुसऱ्या.

नव्या नावाच्या कोर्सचा एक धोका

हे परदेशी मुलांपेक्षा आपल्याच मुलांसाठी. एम.एस्सी. ही पदवी आयोगाच्या यादीत आहे, त्यामुळे पदवी वैध की अवैध हा प्रश्न सहसा नसतो. प्रश्न कंसातल्या विषयाचा. पुढे नेट-सेट द्यायची तर तिथल्या विषयांच्या यादीत तुमचा विषय कुठे बसतो? प्राध्यापकाच्या जाहिरातीत 'संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी' असं लिहिलेलं असतं. संबंधित कोणता, यावर मुलाखतीच्या दारात वाद झालेले मी पाहिले आहेत. आकर्षक नावाचा कोर्स घेताना हे आधी विचारा. शिष्यवृत्ती लागणार असेल तर महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, त्या महाविद्यालयाखाली तो कोर्स दिसतो का, तेही प्रवेशाआधी पाहा. पहिल्या बॅचच्या मुलांना हे सगळं स्वतःच्या अंगावर कळतं.

काकूंना हे सगळं फाटकापाशी सांगणं शक्य नव्हतं. रविवारी त्या मुलीला घेऊन आल्या. मी तिला कागदावर चार प्रश्न लिहून दिले: कायम शिक्षक किती, प्रॅक्टिकलची बॅच कितीची, आठवड्यात पाळ्या किती, आणि यंत्रांची लॉगबुक, म्हणजे यंत्र कधी कुणी वापरलं याची वही, पाहायला मिळेल का. ती ज्या विभागात जायचं म्हणत होती तिथे बुधवारी जाऊन आली.

"सर, बॅच बाराची आहे म्हणे. परदेशी एकच मुलगा आहे, सीनियर. त्यानंच लॅब दाखवली. मराठी येते त्याला थोडी."

"आणि लॉगबुक?"

"शेवटची नोंद मागच्या आठवड्यातली होती," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "दोन नळ बंद आहेत."

फॉर्म तिने तिथलाच भरला आहे.